नवमीच्या दुपारचं पाणी

सासूबाई गेल्या तेव्हा मला आधी रडू आलं नाही, आधी धास्ती भरली. आता दहावा, बारावा, तेरावा सगळं आपल्यालाच करायचं आहे आणि त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये, हा पहिला विचार. माणूस अजून ओटीवर निजवलेलं होतं आणि ही बया मनातल्या मनात केळीची पानं मोजत होती. ही बया म्हणजे मी. वय तेहतीस, मॅट्रिक पास, रोह्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणारी, दर गुरुवारी पोथी वाचणारी आणि ती वाचते हे चार जणींना कळेल अशा बेताने वाचणारी. आज ती समोर आली तर मी तिला बसायला पाट देईन आणि मग चांगला चिमटा काढीन.

आमचे हे रोह्याला शिफ्टमध्ये कामाला. सासूबाई मात्र पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावातच एकट्या राहायच्या. शेजारच्या भागीमावशीबरोबर त्यांचं मिठाचं आगर होतं, भागीतलं. दोघींनी चाळीस वर्षं त्या आगरात मीठ ओढलं. माझं माहेर रोह्याच्या बाजूचं, भाताच्या मुलखातलं. आमची नदी सकाळी जिकडे वाहते तिकडेच संध्याकाळी वाहते. खाडीशी माझी ओळख गणपतीला दोन दिवस आणि शिमग्याला दोन दिवस, तीही नाकाला पदर लावून. त्या हिवाळ्यात सासूबाईंनी निरोप धाडला होता, "सूनबायला म्हनावं चार दिस येऊन रव्हा." मी कळवलं की क्वार्टरला रंग लावायचा आहे, झाला की येते. रंग छान लागला. पिस्ता कलर. मी पोचले तेव्हा त्या अंथरुणाला लागल्या होत्या आणि त्यांचे दोनच दिवस उरले होते. दहाव्याच्या तयारीत माझा एवढा जीव का अडकला होता, ते आता कळतं. रंगाचे ते दिवस मला पानांनी, पाटांनी आणि पाहुण्यांनी भरून काढायचे होते.

त्या दोन दिवसांत सासूबाई फार बोलल्या नाहीत. एकदा मी पाणी पाजत होते तेव्हा माझं मनगट धरून म्हणाल्या, "जलम सगला चिखलात गेला गो. माजी राख भरल्या पान्यात सोडा. चिखलात नको." मी म्हटलं, "हो आई, तुम्ही काळजीच करू नका." किती पटकन म्हटलं मी ते. भाजीवाल्याला पिशवी पुढे करावी तसं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला खाडीला उधाण येतं आणि आगरवाले बांधातली उघाडी, म्हणजे फळ्या लावून बंद केलेलं पाण्याचं दार, उघडून आपलं तळं भरून घेतात. त्याच पाण्याचं पुढे मीठ होतं. सासूबाईंनी सकाळपासून भागीमावशीला दोनदा विचारलं, "उघाडी काढली काय गो?" मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय, आता कसलं आगर आणि कसलं मीठ. दुपारी बाराच्या सुमाराला भागीमावशी गुडघाभर चिखलाच्या पायांनी दारात आली आणि म्हणाली, "तलं भरलं गो तुजं. काठोकाठ." सासूबाईंनी मान हलवली, डोळे मिटले, ते मिटलेच.

त्यांना नेलं तेव्हा मी मागच्या दारात उभी होते. खाडी नुसती डबडबली होती, बांधाला लागली होती. माझ्या मॅट्रिक पास डोक्याने तिथल्या तिथे नोंद केली, दुपारी खाडी भरते. रात्री शंभर पानी वहीत मी लिहिलं, ‘दहावा. दुपारी बारा वाजता अस्थी भरल्या पाण्यात.’ खाली दोन रेघा मारल्या. धरमतरच्या धक्क्याला लागायला मोठाली बार्जेस पाण्याची वाट बघत तासन्‌तास थांबतात, आणि जिची भरती रोज पाऊण तास पुढे सरकते त्या खाडीला मी वेळ दिली होती बाराची.

त्या काळी देवालाही मी कामंच सांगायची. सकाळी दिवा लावला की यादी सुरू. गुरुजींना एस.टी. वेळेवर मिळू दे, नणंदेला मीठ कमी-जास्त लागायला नको, दहाव्याला कावळा शिवू दे. देव बिचारा ऐकून घेत असेल. रात्री मात्र झोप लागायची नाही. वही उशाशी घेऊन पडायची, उठून पुन्हा बघायची. काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय, असं छातीत धडधडायचं. काय राहिलंय ते कळायचं नाही, म्हणून यादीत आणखी एक ओळ वाढायची.

सातव्या दिवशी भागीमावशी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"दहावा नवमीला येतोय. नवमीचं पानी सकाली हाय. सातच्या आत उरका."

मी वही न मिटता म्हटलं, "मावशी, सातला पाहुणे येतील का? गुरुजी रोह्याहून यायचेत. आम्ही पंचांग बघून ठरवलंय सगळं."

"बरं," ती म्हणाली. "पंचांगात पानी गावतंय काय तेवढं बघ मंग."

आणि ती गेली. मला राग आला. रोह्याचे गुरुजी मी मुद्दाम बोलावले होते, गावच्या भटजींचे उच्चार मला पसंत नव्हते म्हणून. आता आगरातल्या बाईने मला वेळ शिकवावी? ह्यांना विचारावं, तर ह्यांचं त्या दिवसांत कशातच लक्ष नव्हतं. "तू ठरव," एवढंच म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षांनी म्हणाले, "मला वाटलं पिंडाची वेळ बाराची लिहिलीस, अस्थी सकाळीच जाणार." ह्या माणसाने खाडीकाठी जन्म घेतला आणि बायकोच्या वहीपुढे तो बोलला नाही, ह्यात दोष त्यांचा किती आणि वहीचा किती, देव जाणे.

नवमीचा दिवस उजाडला. बांधाच्या अलीकडे करंजाच्या झाडाखाली सगळी मांडणी केली होती, पाट, दर्भ, पिंड, अस्थींचं मडकं. गडबहून, रोह्याहून, पेणहून पाहुणे आले. गुरुजींचे उच्चार स्वच्छ होते. कावळ्याने तर आढेवेढे घेतलेच नाहीत, पान ठेवलं न ठेवलं तोच येऊन बसला. नणंदेने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी आतून फुलले. मग आम्ही मडकं घेऊन बांध चढलो.

खाडी नव्हती.

म्हणजे खाडीची जागा होती. काठापासून काठापर्यंत काळा, चकाकणारा चिखल, त्यात निवट्या, चिखलातले इवले मासे, टुणटुण उड्या मारत होत्या आणि मधोमध धोतराच्या काठाएवढी पाण्याची रेघ. गुरुजींनी एकदा खाली पाहिलं, एकदा आपल्या शुभ्र धोतराकडे पाहिलं.

"यजमान, पाणी कुठे आहे?"

"ओहोटी हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "आज भांगाचं पानी. येयाला सांज होईल, न् येईल ते पन थोडंच."

गुरुजी म्हणाले, सूर्यास्तानंतर चालायचं नाही, आणि उद्यावर ढकलायचंही नाही, आजच व्हायला हवं. नणंद म्हणाली, "वयनी, आयनं काय सांगितलेलं तुला?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ह्यांच्या हातात मडकं होतं आणि ते चिखलाकडे बघत होते, लहान मूल बघतं तसे. माझ्या हातात वही होती. हो, बांधावरसुद्धा मी ती आणली होती. तळव्याला घाम येऊन तिच्या पुठ्ठ्याचा रंग हाताला लागला. कानात एकच वाक्य वाजत होतं, चिखलात नको, चिखलात नको. दहा दिवस काय राहिलंय म्हणून मी शोधत होते, ते हे होतं. एकच गोष्ट मागितली होती बाईने.

मी देवाला हाक मारायला गेले आणि मला काही मागताच येईना. काय मागणार? पाणी आण म्हणू? बारा वाजून गेलेले, ऊन डोक्यावर, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे देवाला सांगायला यादी नव्हती. मी नुसतं म्हटलं, मला कळत नाही. एवढंच. मला कळत नाही.

तेवढ्यात खालच्या चिखलातून एक माणूस वर आला. कमरेला फडकं, मांडीपर्यंत चिखल, पाठीला टोपली, टोपलीत चिंबोऱ्यांच्या नांग्या कुरकुरत होत्या. वयाने साठीच्या पुढचा. आमच्यातल्या कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्याने मडकं पाहिलं, आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "अडलंय काय?"

"पाणी नाही," मी म्हटलं.

"नाय कसं? त्या बांधामागं तलं भरलंय. उघाडी काढा, ह्यो फाटा भरंल घडीभर." त्याने खाडीच्या त्या अरुंद फाट्याकडे हात केला, आम्ही उभे होतो त्याच्या बरोबर खाली. "कोनाचं हाय तलं?"

सगळ्यांनी भागीमावशीकडे पाहिलं. ती जरा बाजूला, बायकांच्या मागे उभी होती. तळं सोडायचं म्हणजे ऐन मिठाच्या दिवसांत आगर कोरडं पाडायचं. पुन्हा पाणी यायला पौर्णिमेचं उधाण. हे ती आपण होऊन कशी म्हणणार? आणि मी तिला काय तोंडाने मागणार? तीन दिवसांपूर्वी मी तिला उंबऱ्यातून परत धाडलं होतं, बस सुद्धा म्हटलं नव्हतं.

मी वही बांधावर ठेवली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मावशी, मी तुमचं ऐकलं नाही. मला खाडीतलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

तिने पदर कमरेला खोचला. मला वाटलं, आता हिशेब चुकता करील. तिने करायलाच हवा होता.

"रडतंस कशाला," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की मी रडत होते, दहा दिवसांत पहिल्यांदा. "उघडा रे. तिनंच भरून घेतलेलं हाय. आवसेचं पानी हाय ते, ती गेली त्या दुपारचं."

त्या माणसाने टोपली खाली ठेवली आणि चिखलातून उघाडीपाशी गेला. फळ्या फुगून बसल्या होत्या. एक, दोन, तिसऱ्या फळीला तो कण्हला आणि मग पाणी सुटलं. आधी माती कालवलेलं, मग स्वच्छ. बघता बघता फाटा भरला, चिखल झाकला, निवट्या पळाल्या, पाणी ह्या काठाला लागलं, त्या काठाला लागलं. ह्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून मडकं सोडलं. गुरुजी मंत्र म्हणत होते, मला त्यातला एक उच्चार आठवत नाही. राख पाण्यावर पसरली, फुलं तिच्यामागे गेली आणि सगळं मिळून मोठ्या खाडीच्या दिशेने निघून गेलं. पंधरा मिनिटांनी फाट्यात पुन्हा चिखल होता. पण राखेचा कण त्यात राहिला नव्हता.

त्या माणसाला शोधायला आम्ही वळलो तेव्हा तो नव्हता. जेवायला बसवायचं म्हणून गावात विचारलं, पलीकडच्या वाडीत निरोप दिला. कुणाला ठाऊक नव्हता. हे म्हणाले, पलीकडच्या काठचा असेल, तिकडून बरेच येतात. असेलही. मी कुणाशी वाद घालत नाही. देवाच्या अंगाला चिंबोऱ्यांचा वास येत असला तरी माझी काही हरकत नाही. नाकाला पदर लावायचं मी त्या दिवसापासून सोडलं.

मी पुन्हा पुन्हा विचार करते तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी वही उघडायच्या आधीच पाणी भरून ठेवलेलं होतं. ते भरताना मी तिथेच होते आणि म्हातारीला भ्रम झालाय म्हणत होते. सासूबाईंनी ते मिठासाठी भरलं की आणखी कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नसेल. ज्याला ठाऊक होतं त्याला मी रोज सकाळी कामं सांगत होते.

पौर्णिमेच्या उधाणाला ह्यांना रजा काढायला लावून मी त्यांच्यासह पुन्हा गावी गेले आणि भागीमावशीच्या मागे चिखलात उतरून फळ्या ओढायला शिकले. दोनदा पडले. तिने पोट धरून हसून घेतलं, "पंचांग आनलंस काय गो?" त्या वर्षी मीठ उशिरा आणि कमीच निघालं. पहिल्या ओढीतलं ओंजळभर तिने फडक्यात बांधून मला दिलं, "तुज्या सासूचं." ते मी देवाजवळ ठेवलं. यादी म्हणायची सवय मोडायला वेळ लागला, पण दिवा लावताना त्या पुरचुंडीकडे नजर गेली की तोंड आपोआप मिटायचं. नुसते हात जोडायचे. अजूनही तेवढंच करते.

भागीमावशी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आगर आता तिची सून बघते. परवा मुलगा म्हणाला, आई, तुझ्यामागे काय कसं करायचं ते लिहून ठेव, नंतर आमचा गोंधळ नको. त्याने नवीकोरी वही आणून दिली. त्याचा स्वभाव कुणावर गेलाय ते सांगायला नको. मी वहीत एकच ओळ लिहिली आहे. ‘वेळ भागीमावशीच्या सुनेला विचारा, आणि ती सांगेल ती धरा.’ खाली रेघा मारलेल्या नाहीत.