कराचीच्या बाईंची आई

कराचीच्या बाई बोलताना समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नसत. नवख्या बायका अवघडून जात. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत त्या शिवणाचा क्लास चालवीत आणि दहा-अकरा वर्षांची मी त्यांच्याकडे काजं-बटणं शिकायला जाई.

फाळणीच्या वेळी त्या आईला घेऊन कराचीहून आगबोटीने आल्या. आई वाटेतच तापली आणि ठाण्याला आल्यावर महिन्याभरात गेली. तिचा एकुलता एक फोटो तिकडच्या भिंतीवर राहिला होता. "कुलूप लावून किल्लीसुद्धा आणली गं मी. भिंतीवरचा फोटो तेवढा काढून घ्यायचं सुचलं नाही," असं त्या मला कितीदा तरी सांगत.

म्हणून त्यांनी आई स्वतःच करायला घेतली होती. मांजरपाटाच्या मोठ्या तुकड्यावर आईच्याच लुगड्याचं कापड, मनगटाशी टाक्यांनी बसवलेल्या तिच्या बांगड्यांच्या काचा, मागे भिंत म्हणून खळीने चिकटवलेली तिची पत्रं. बसण्याची ढब, किंचित उतरता डावा खांदा, सगळं साधलं होतं. चेहरा साधत नव्हता. आजारातला चेहरा त्यांना नको होता, कराचीतला हवा होता. भरायचा आणि उसवायचा, असं करून तेवढं कापड विरविरीत झालं होतं.

मग त्या इतर बायकांत आई शोधू लागल्या. एकदा दारावर आलेल्या कोळणीला म्हणाल्या, "जरा हसता का?"

"बाय, म्हावरा घे. हसू कशाला?" म्हणत ती हसलीच. बाई लगेच म्हणाल्या, "भुवया अश्शाच होत्या."

एका दुपारी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. "वहिनी, तुमचं नाक थेट तिच्यासारखं आहे. थोडे दिवस समोर बसाल?"

माझी आई आठ-दहा दुपारी बसली. मी सुईत दोरा ओवून देत असे. शेवटचा टाका घालून बाईंनी कापड भिंतीला टेकवलं, तेव्हा मी आनंदाने म्हणाले, "अगदी आमची आई."

बाईंनी कापडाकडे पाहिलं, मग आईकडे. "खरंच गं. या वहिनीच आहेत." त्या उसवायला बसल्या, पण चार टाक्यांतच थांबल्या. कितीतरी वेळ डोळे मिटून बसल्या. "आता मिटल्या डोळ्यांनाही वहिनीच दिसतात. ती दिसतच नाही."

"मी काही दिवस समोर येत नाही. आठवेल पुन्हा," आई म्हणाली. ती नळावरही बाई परतल्यावर जाऊ लागली. पण बाईंना काही आठवलं नाही. मी ते बोलले नसते तर, हा विचार मला झोपू देत नसे. आईला सांगितलं, तर ती नुसती डोक्यावरून हात फिरवी.

वर्षभराने नागपूरला नोकरी लागलेला त्यांचा चुलतभाऊ त्यांना न्यायला आला. आईने वाटेसाठी केलेल्या दशम्या मी नेऊन दिल्या. बाई म्हणाल्या, "वहिनींना म्हणावं, बाहेर येऊ नका. त्या दारात दिसल्या, तर आईला इथे एकटीला टाकून चालले असं वाटेल मला."

मी तसं सांगितलं. आई दाराकडे पाठ करून चुलीपाशी उभी राहिली. बाहेर टांगा हलला. मी उंबऱ्यावर होते. कुणाकडे जावं, ते मला कळेना.