कुणीतरी आधी घेतलेलं औषध

गेल्या वर्षीच्या नवरात्रात मी अंबाबाईची ओटी भरली नाही. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्याला एकतीस वर्षं झाली, पण असं कधी घडलं नव्हतं. शेजारच्या बायका बोलवायला आल्या तेव्हा अंगात ताकद नाही म्हणून सांगितलं. खरं तर माझं मनच तिच्यावरून उडालं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी माझं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले तरी गच्च व्हायचं. अपचन समजून मी ओवा चावत राहिले. शेवटी तपासण्या झाल्या आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सहा किमो झाल्या, केस गेले आणि पुन्हा आले. त्या सगळ्या दिवसांत अंबाबाईचं नाव ओठांवर होतं. बरी झाले म्हणून गल्लीत पेढे वाटले. आणि वर्ष-सव्वा वर्षात दुखणं परत आलं. तेव्हा वाटलं, एवढं नाव घेतलं ते कुणी ऐकलंच नाही का?

आमच्या डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे, तुम्ही त्यात बसता. नेहमीची किमो सगळ्यांनाच मिळणार. सोबत काही बायकांना नवी गोळी आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती हे कॉम्प्युटर ठरवणार. ते मलाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही. "गुण येईलच असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "त्रासही होऊ शकतो. नको म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत. कागद घरी न्या, सगळ्यांनी वाचा."

घरी ह्यांनी दोन पानं वाचली आणि कागद बाजूला सारले. "न्हाय म्हणून सांगून टाक. माणसं हाय आपण, उंदरं न्हाय प्रयोग करायला." आवाज मोठा होता, पण डोळे भरले होते. माझी लेक अश्विनी एवढंच म्हणाली, "आई, तुला वाटेल ते कर." मला काहीच वाटत नव्हतं. देवीवर भरवसा ठेवून पाहिला, आता कॉम्प्युटरवर ठेवायचा? नकार पक्का करूनच मी सोमवारी दवाखान्यात कागद परत द्यायला गेले.

डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या. कागद खिडकीत देऊन निघावं म्हणून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने दंडाला धरून मला खाली बसवलं, पाणी दिलं. मग डबा उघडून अर्धी चपाती हातावर ठेवली.

"खावा वैनी. उपाशी आलाय न्हवं?"

त्या रेहानाभाभी. इचलकरंजीच्या. नवरा यंत्रमागावर कामाला. दुखणं माझंच. माझ्या हातातले कागद त्यांनी लगेच ओळखले. त्या स्वतः आधीच्या एका चाचणीत होत्या. आठ महिने औषध लागू पडलं, मग थांबलं. तरी त्या चाचणीच्या तपासणीला येत होत्या.

मी जरा तोडूनच विचारलं, "मग काय उपयोग झाला भाभी?"

"आठ म्हैनं मिळालं की. लेकीचा निकाह बघितला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आन् एक सांगू? पयल्यांदा तुमाला जी किमो दिली, ती बी कुण्या तरी बाईनं आधी घेतली असंल का न्हाय? तवा ती लागू पडती का न्हाय, कुणालाच ठावं नसंल. ती कोण, कुठली, काय बी म्हाईत न्हाय आपल्याला. पर ती तवा बसली म्हणून आपण आज हितं बसलोय."

चपातीचा तुकडा तसाच माझ्या हातात राहिला. इतकी वर्षं मी 'मला वाचव' म्हणत होते. वाचवायला देवी कुणाच्या रूपाने आली असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. कुठल्याशा गावची एक बाई घाबरत घाबरत अशाच एखाद्या बाकावर बसली असेल. तिच्या हातातही असेच कागद असतील. मला जी दीड-दोन वर्षं मिळाली त्यात तिचा हात होता आणि मी तिला एकदाही नमस्कार केला नव्हता. मला रडू आलं. पण खूप दिवसांनी ते रडू रागाचं नव्हतं.

तासाभराने डॉक्टरबाई आल्या. माझे सगळे प्रश्न विचारून झाल्यावर मी सही केली. घरी ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद मागून घेतले आणि या वेळी शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "दर खेपेला मी संगं येणार," आणि एकही खेप चुकवली नाही.

सोपं काही नव्हतं. तोंड आलं, रक्त कमी झालं, एकदा चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. पण तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये गाठी आकसल्या होत्या. आजही त्या आहेत तेवढ्याच आहेत. पुढचं डॉक्टरबाई सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

ते स्कॅन दाखवायला मी रेहानाभाभींना शोधत होते. नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, पंधरा दिवस झाले, भाभी गेल्या. "शेवटच्या आठवड्यात लेकीच्या आधाराने आल्या होत्या," ती म्हणाली. "चाचणीच्या तपासणीचं रक्त द्यायचं राहिलंय म्हणाल्या." मी त्याच बाकावर बसले. ह्यांनी माझा हात हातात घेतला.

चाचणी संपली की कोणती गोळी मिळाली ते सांगतात म्हणे. सांगितलं तर ऐकेन, पण त्याची घाई उरलेली नाही. हे दुखणं माझ्या हातात नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. कळल्यावर मात्र जीव हलका झाला. अंबाबाईकडे आता एकच मागते, माझ्या अंगावरून डॉक्टरांना जे शिकता येईल ते मला न दिसणाऱ्या एखाद्या बाईला उपयोगी पडू दे.

रोज सकाळी गोळी हातावर घेतली की आधी हात जोडते. त्या पहिल्या बाईचं नाव मला कधीच कळणार नाही. म्हणून मी रेहानाभाभींचं घेते.