तळपायावरची टिचकी

कुसुमताई आज सकाळी गेल्या. मी शेजारीच होते, आणि मी त्यांना जाऊ दिलं.

फार थकलेय. पण आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

ताई मूळच्या भंडाऱ्याच्या. नवजात बाळांच्या आयसीयूत त्या इन्चार्ज सिस्टर आणि मी अगदी नवीन. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती.

आयसीयू म्हणजे तरी काय, बाळांना ऊब देणारे चार वॉर्मर आणि आमचे डोळे.

तेव्हा आम्ही बिनधास्त मानायचो की एवढ्याशा जिवाला दुखणं कळतच नाही. ऑपरेशन होऊन आलेलं बाळही दुखण्यावरच्या औषधाविना तसंच पडून असायचं. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग कॅम्प-1 वस्तीतल्या एका क्रेन ऑपरेटरचा मुलगा आला. तीन दिवसांचा. आतड्याचं ऑपरेशन झालेलं. मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या, आणि तोंडातून आवाज नाही.

ताई डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, मॉर्फिन द्या त्याले."

"सिस्टर, श्वास थांबेल. लक्ष कोण ठेवणार?"

"मी आहो ना."

अगदी थोडा डोस दिला. हळूहळू मुठी उघडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई जेवायला गेल्या. बाळ माझ्याकडे.

इतकं शांत होतं, की मलाच बरं वाटलं. मी चार्टवर लिहिलं, 'स्लीपिंग वेल'.

ताई हात पुसत आल्या. एकदाच बघितलं आणि बाळाच्या तळपायावर टिचकी मारली.

एक. दोन.

तिसरीला त्यानं श्वास ओढला. निळे पडलेले ओठ गुलाबी व्हायला लागले.

"झोपला नव्हता वं तो. श्वास घ्यायचं विसरून राहिला होता."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "ताई, बंदच करायला सांगा ते औषध."

"कावून? चुकली तू, आन् दुखणं त्यानं सोसायचं?"

डॉक्टरांनी डोस कमी केला. ताईंनी स्टूल ओढलं आणि बोट त्या तळपायाशी ठेवून बसल्या. ड्यूटी संपली तरी उठल्या नाहीत.

चार्टवरची माझी ओळ त्यांनी मला खोडू दिली नाही. म्हणाल्या, "राहू दे. खाली खरं लिही."

पुढे औषध थोडं थोडं कमी करताना, शरीराला त्याची सवय झालेली म्हणून, बाळ थरथरायचं, चिरक्या आवाजात रडायचं. ताई त्याला छातीशी धरून वॉर्डात फेऱ्या मारायच्या. मग दूध पचायला लागलं, आणि एक दिवस तो घरी गेला.

त्यानंतर गप्प पडलेल्या बाळाला मी कधी 'शहाणं' म्हटलं नाही.

या आठवड्यात स्मृती नगरच्या घरी ताईंनाच मॉर्फिन सुरू होतं. कॅन्सर हाडांत उतरला होता. निदान कळा तरी थांबल्या होत्या.

आज सकाळी त्यांचा श्वास लांबला. थांबला. पुन्हा आला.

माझा हात आपोआप त्यांच्या तळपायाशी गेला.

त्यांची लेक म्हणाली, "मावशी, क्या हुआ? काय करून राहिली तू?"

"काही नाही गं."

बोट तिथेच ठेवलं. टिचकी मारली नाही.

पाय गार होईपर्यंत हात काढवला नाही मला.

ताई, या वेळी माझं लक्ष होतं.

झोपा आता.