सडकेकाठी अंबाडीचा दोर

बडनेऱ्याच्या अलीकडे आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, आणि बांधाबांधाने अंबाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा मळ्याशेजारून नुसती गाडवाट जायची. पुढे दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. जो तो कापूस पेरू लागला. गाड्या अमरावतीच्या बाजारात लवकर पोचाव्यात म्हणून सरकारने त्या वाटेवर खडी टाकून सडक केली.

त्या खडीने बैलांचे फार हाल केले. काळ्या मातीत वाढलेली जनावरं, त्यांना नाल ठाऊक नव्हती. अकोल्याकडून भरल्या गाड्या ओढत आमच्या मळ्यापर्यंत येता येता त्यांचे खूर फुटायचे. गाडीवान विहिरीपाशी थांबत, बैलाच्या पायावर पाणी ओतत आणि हताश होऊन बसून राहत.

अशातच एक नालबंद बायकोला घेऊन आला. आधी तो इलिचपूरच्या छावणीत घोड्यांना नाल मारायचा. आमच्या चिंचेखाली बसू द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

घरधनी म्हणाले, "इथं बैल जमले तर माहा मळा चरून टाकतीन. दुसरीकडं पाहा."

नालबंद जायला वळला. त्याची बायको मात्र खाली बसली ती उठेना. दिवस भरत आलेली बाई, पाय सुजलेले. मी यांना बाजूला घेतलं. "अवो, तिले पाहा तरी. काटेरी कुंपण करू, पण बसू द्या त्यायले."

हे थोडे घुटमळले आणि स्वतःच बोराट्या तोडायला गेले.

नाल ठोकायची तर बैलाला आडवं पाडावं लागतं, चारी पाय बांधावे लागतात. एक दिवस नालबंदाचा जुना दोर मध्येच तुटला. बैल उसळला आणि त्याची लाथ नालबंदाच्या खांद्यावर बसली. हात वर होईना. चिंचेशेजारी बांधलेल्या खोपटात नुकतं जन्मलेलं पोर, आणि हा भिंतीला टेकून नुसता सडकेकडे बघत बसलेला.

"बहेन, हात गेला तर माझं काय राहिलं?" तो मला म्हणाला.

मी दोघांना भाकरी-भाजी पोचवत राहिले. आणि बांधावरची अंबाडी कापून नाल्यात भिजत घातली. माझ्या माहेरी दोर वळायचे, ते मला येत होतं. चांगली सडल्यावर साल सोलली, धुतली, वाळवली आणि तीनपदरी दोर वळला. खांदा बरा झाल्यावर तो दोर त्याने पायाखाली धरून दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

गाडीवानांनी तो दोर पाहिला. त्यांनाही गाडीवरचा कापूस आवळून बांधायला दोर लागायचा.

"बाई, असा दोर मले देतं काय?" एकाने विचारलं. मग दुसऱ्याने. मला एकटीला पुरेना, तेव्हा गावातल्या बायाही येऊन बसू लागल्या. तुटकी चाकं घेऊन गाड्या थांबतात हे पाहून एक सुतारही आला.

ते पाहून मोठे दीर एकदा म्हणाले, "भाजीपाला काहून करून राहिले? उपटा आन् कापूस लावा!"

यांचंही मन डळमळलं होतं. मी म्हणाले, "समद्यायनं कापूसच लावला तर या गाडीवानायनं खायाचं काय? सुतारानं, नालबंदानं काय खायाचं? रोज भाजी तर आपलीच नेतेत ना?"

दीर चिडून निघून गेले. मळा तसाच राहिला.

मग तिकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. नुसता कापूस पेरलेल्या दिरांच्या घरचं त्या वर्षीचं जेवण आमच्याच वांग्यांवर निघालं. आगगाडीही बडनेऱ्याला आली आणि अकोल्याचा कापूस तिच्यातून जाऊ लागला. सडक ओस पडली. सुतार अकोल्याला गेला. नालबंदानेही ऐरण गाढवावर चढवली.

हे मोट सोडून धावत गेले. "आता कुठी जाता? पोरगं इथं चालाले शिकलं."

"भाऊ, बैलच येत नाहीत तर मी कोणाला नाल मारू?"

"येतीन. आगगाडी काय वावरात जाणार हाय? टेसनापर्यंत माल बैलच आणतीन. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर जे आमी खाऊ ते तुमी खा."

नालबंदाने बायकोकडे पाहिलं. ती आधीच गाढवावरचं बोचकं सोडत होती.

ते दिवस ओढगस्तीचे गेले. गाड्यांचे दोर कोणी घेईना, म्हणून आम्ही मोटेचे नाडे आणि गुरांची दावी वळू लागलो. दिवाळीनंतर आसपासच्या खेड्यांतल्या गाड्या खरंच स्टेशनाकडे निघाल्या. पहिल्यासारखी रीघ नव्हती, पण नालबंदाच्या भात्याला रोज काम होतं. पुढे कुंभार आला, तेली आला. चिंचेखाली मंगळवारचा बाजार भरू लागला. दूर अंजनगावचे विड्याची पानं विकणारेसुद्धा त्याला येतात.

लोक म्हणतात, कापसाने ही वस्ती बसवली. कापसाने माणसं आणली, एवढं खरं. तो गेल्यावर ती एकमेकांच्या आधाराने राहिली. नालबंदाचा मुलगा आता बापाच्या जागी बसतो, आणि दोर माझी सून वळते, माझ्यापेक्षा घट्ट.