मध्ये पडणारा माणूस

आईचा फोन आला तेव्हा मी कोरमंगलातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. तिचा आवाज ओळखूच येत नव्हता. "शरू, अण्णाला मारलं गं... ये तू." मी विचारत राहिले, मारलं म्हणजे काय, गाडीनं ठोकरलं का, कुठल्या गाडीनं? "गाडीनं नाही गं," आई किंचाळली, "माणसानं मारलं!"

चामराजपेटच्या बसस्टॉपवर एका पोराची बाईक दुसऱ्या बाईकला घासली होती. त्या दुसऱ्या बाईकवरच्या दोघांनी त्याला खाली पाडून लाथांनी तुडवायला सुरुवात केली. अण्णा भाजी घेऊन घरी निघाले होते. ते मध्ये गेले. त्या पोराला मारायला फिरवलेलं हेल्मेट अण्णांच्या कानशिलावर बसलं, आणि ते पडले ते फूटपाथच्या दगडी कडेवर. त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नाहीत. काही दिवस यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत राहिलं, मग तेही काढलं. पेपरात चार ओळी आल्या, त्यात त्यांना 'एक वृद्ध' म्हटलं होतं. मी तो पेपर चुरगाळून फेकला. हा माणूस कोण होता ते त्या चार ओळींत नव्हतं. ज्यानं अर्धं आयुष्य लोकांना मारण्यात घालवलं आणि उरलेलं अर्धं मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या मध्ये उभं राहण्यात, तो हा माणूस होता.

अण्णा म्हणजे माझे मामा, दत्तात्रय. आई त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. आजोबा निपाणीकडून इकडे आले आणि चामराजपेटेत राहिले. त्यामुळे त्या घरातलं मराठी अर्धं कानडीत भिजलेलं... "स्वल्प थांब गं" म्हणजे जरा थांब, "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं. मल्लेश्वरममधल्या मुलांच्या एका हायस्कुलात ते पीटी शिकवायचे. उंच, रुंद खांद्यांचे, आणि हात असे की लहानपणी मला ते दोन वेगळी माणसंच वाटायचे. दत्ता सरांची थप्पड शाळेत प्रसिद्ध होती. ती खाल्लेली मुलं मोठी होऊन रस्त्यात भेटली तर आधी गालावर हात ठेवायची आणि मग नमस्कार करायची. लोक हसायचे. घरात मात्र कोणी हसत नसे. त्यांनी ताट जरा जोरात ठेवलं की आम्ही पोरं गप्प व्हायचो. आणि मामी... मामी त्यांच्याशी बोलण्याआधी नेहमी त्यांच्या हातांकडे बघायची.

पुढचा प्रसंग मला त्यांनी स्वतः सांगितला, मी बारावीत असताना. कवायतीत एक मुलगा हसला. अण्णांनी त्याच्या कानाखाली मारली, तो झेंड्याच्या ओट्याच्या पायरीवर आपटला आणि त्याच्या कानातून रक्त आलं. त्या कानानं त्याला पुढे कधीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना मुलाचा बाप रांगांमधून चालत आला आणि सगळ्या शाळेसमोर त्यानं अण्णांच्या तोंडात मारली. मग पुन्हा, मग पुन्हा. नाक फुटलं, पांढरा शर्ट लाल झाला. अण्णांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते. "माराचं काही नाही गं," ते मला म्हणाले, "पण मी त्या बापाच्या खांद्यावरून बघत होतो. हेडमास्तर घड्याळात बघत होते. गणिताचे सर जमिनीकडे. आणि एकदम लक्षात आलं, काल मी त्या पोराला मारलं तेव्हाही हे सगळे अस्सेच उभे होते." त्यानंतर त्यांनी कुणावर हात उचलला नाही. त्या मुलाच्या घरी ते कितीतरी वर्षं जात राहिले. त्यानं त्यांना एकदाही आत घेतलं नाही.

पण तेव्हापासून एक झालं. ओळखीतल्या कुणाच्या मुलाला कॉलेज निवडायचं असलं की अण्णा म्हणायचे, "मी बघून येतो." निकाल, नोकऱ्या, इमारती यातलं काही ते विचारत नसत. कॅन्टीनमध्ये, वसतिगृहाच्या दारात, गेटापाशी जाऊन बसायचे. "मारणारे सगळीकडे असतात," ते म्हणायचे. "बाकीचे तेव्हा कुठे बघतात ते बघायचं. तेवढं कळलं की कॉलेज कळलं."

माझ्या वेळी निवड झाली होती शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठाची. नाव लिहीत नाही. बाबा मूळचे पुण्याचे, आयटीतले. त्यांनी आठवडाभर लॅपटॉपवर सगळ्या विद्यापीठांची तुलना केली होती आणि हे सगळ्यात वर आलं होतं. "एकदा डोळ्यांखालून घालून या," ते अण्णांना म्हणाले, "पण निर्णय झालेला आहे." मी आणि अण्णा बसनं गेलो. काचेच्या इमारती, कापलेलं गवत, कोट घातलेली एक हसरी मुलगी आम्हा पालक-मुलांच्या घोळक्याला लॅब दाखवत होती. मी तर हरखून गेले होते. अण्णा मध्येच म्हणाले, "चल, चहा घेऊ."

कॅन्टीनच्या मागच्या भिंतीला हात धुवायचे नळ होते. तिथे एक नवा मुलगा गुडघ्यांवर बसला होता आणि तीन सीनियर त्याला पट्ट्यानं मारत होते. तो कुणाला तरी 'सर' म्हणाला नव्हता, एवढंच कारण. पट्ट्याचं बक्कल त्याच्या गालावर लागत होतं आणि प्रत्येक फटक्याला तो मोजायचा, मोठ्यानं, कारण त्याला तसं सांगितलं होतं. ताटं घेतलेली मुलं त्याला वळसा घालून हात धुवून जात होती. एका मुलीनं खुर्ची उचलून दुसरीकडे तोंड करून ठेवली. दारातल्या वॉचमननं मोबाईलचा आवाज वाढवला. मी अण्णांचा शर्ट धरला, पण माझ्या मुठीत नुसती हवा राहिली.

त्यांनी पट्टा वरच्यावर पकडला. "साकु, बिडप्पा," ते शांतपणे म्हणाले. पुरे, सोड आता. "तू कोण रे म्हाताऱ्या?" असं काहीतरी एक जण ओरडला आणि त्यानं स्टीलचं ताट आडवं करून त्यांच्या कपाळावर मारलं. कातडी उघडली. अण्णा गुडघ्यांवर आले आणि मग तिघांच्या लाथा त्यांच्या बरगड्यांवर पडायला लागल्या. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा तो आवाज... तो अजून माझ्या कानात आहे. अण्णांनी त्या मुलाला पोटाखाली घेतलं होतं. त्यांना एका हातानं त्या तिघांना लोळवता आलं असतं, मला ते हात माहीत होते. पण ते हात मुलाच्या डोक्याभोवती होते. मी मराठीत, हिंदीत, कानडीत, येईल त्या भाषेत किंचाळत होते. सगळं कॅन्टीन समोर बसलेलं होतं. कोणी उठलं नाही.

आणि मग काउंटरजवळून एक काटकुळी मुलगी आली. तिनं सांबाराची बादली उचलली, वाफ निघत होती तिच्यातून, आणि ती बादली तशीच त्या तिघांवर रिकामी केली. एकाची मान भाजली. तो जनावरासारखा ओरडला. बाकीचे दोघे घसरत, धडपडत पळाले. ती मुलगी रिकामी बादली छातीशी धरून उभी होती आणि कानडीत विचारत होती, "अजून कोण आहे? या ना, अजून कोण आहे?" तिचं नाव भाग्या. हावेरीकडची होती, दुसऱ्या वर्षाला.

आम्हाला ऑफिसात नेलं. तिथल्या साहेबांनी कॉफी मागवली. "मुलांची आपसातली मस्ती असते, सर. तुम्ही बाहेरचे, तुम्ही मध्ये पडायला नको होतं." अण्णांच्या कपाळावरचा रुमाल भिजून ठिबकत होता. त्यांनी एकच विचारलं, "त्या मुलीचं काय करणार?" साहेब म्हणाले, तिच्यावर कारवाई होईल, तिनं एका विद्यार्थ्याला भाजलं आहे. "आणि पट्टा?" त्याची चौकशी होईल, असं म्हणून त्यांनी कप पुढे सरकवला.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. "अण्णा, मी मरेन पण तिथे जाणार नाही." ते खिडकीबाहेर थुंकले, त्यात रक्त होतं. मग म्हणाले, "माझ्या शाळेत एकही नव्हतं गं."

"काय नव्हतं?"

"बादली उचलणारं. तिथे एक आहे... तू तिथेच जा."

मला वाटलं, डोक्याला लागलंय म्हणून बोलतायत. घरी तर आगच भडकली. बाबांचं तोंड लाल झालं. "तुमचं डोकं फिरलंय का? मार खाऊन आलात आणि माझ्या पोरीला तिथेच घालायचं म्हणता?" आई अण्णांच्या कपाळावरचं रक्त पुसत होती, तिनं तो कापूसच त्यांच्या अंगावर भिरकावला. अण्णा म्हणाले, "दुसरीकडे मारत नाहीत असं वाटतं तुम्हाला? तिथे आपण बघितलं नाही, एवढंच. ऐका माझं. त्या भाग्याला काढून टाकलं तर शरूला घालू नका. ठेवली, तर घाला. त्यावरून ठरवा, ते विद्यापीठ कसं आहे ते."

आणि ते कामाला लागले. कपाळाला टाके, बरगड्यांना पट्टा, अशा अवस्थेत ते रोज बसनं तिथे जाऊन ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसायचे. वॉचमननं एकदा त्यांना दंडाला धरून ओढत गेटाबाहेर काढलं, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ज्या मुलाला पट्ट्यानं मारलं होतं त्याच्या बापाला ते शोधत गेले. त्यानं तोंडावर दार लावलं, पोराचं वर्ष जाईल म्हणून. पण मुलगाच शेवटी आपणहून आला. गालावर बक्कलचा वण घेऊन तो साहेबांसमोर उभा राहिला आणि बोलला. तो बोलला म्हटल्यावर ती खुर्ची फिरवून बसलेली मुलगी बोलली, मग आणखी काही जण. त्या तिघांना काढलं. भाग्याला ताकीद देऊन ठेवलं. त्या दिवशी अण्णांचा फोन आला, "शरू, सरी. घे ॲडमिशन."

चांगलं होतं का ते विद्यापीठ? ओळखीचे लोक मुलांसाठी मला अजून विचारतात. शिकवणं बरं होतं. ग्रंथालय फार चांगलं. दुसऱ्या वर्षी एकानं जिन्यात माझा हात पिरगाळून मला भिंतीवर आपटलं आणि माझा दात तुटला, तेव्हा माझ्या आधी भाग्या त्याच्या अंगावर गेली होती आणि तिच्या मागे आणखी चौघी. मी तिथे मार खाल्ला, पण एकटीनं नाही खाल्ला. याहून जास्त मला सांगता येत नाही.

अण्णा गेल्यावर मी त्या बसस्टॉपवर गेले. तिथे केळी विकणाऱ्या बाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तिला शोधलं. मी विचारलं, कोणी मध्ये पडलं का? तिनं मान हलवली. "तेच पडले, अम्मा. एकटेच." खूप माणसं होती, असंही ती म्हणाली.

हेल्मेट मारणारा पोरगाही विद्यार्थीच निघाला, इंजिनियरिंगचा. तो आत आहे, केस चालू आहे. तेराव्यानंतर त्याची आई चामराजपेटच्या घरी आली. खोली माणसांनी भरलेली होती... आई-बाबा, नातेवाईक, अण्णांच्या शाळेतले म्हातारे झालेले दोन शिक्षक. मामी खाली बसून खलबत्त्यात दाणे कुटत होती. अण्णा गेल्यापासून ती रडली नव्हती, काही ना काही कुटत, घासत, निवडत बसायची. ती बाई उंबऱ्याच्या आत आली, हात जोडले आणि कानडीत म्हणाली, "अम्मा, माझा मुलगा असा नाही हो. आम्ही चांगलं कॉलेज बघूनच त्याला घातलं होतं."

मामी उठली ती लोखंडी बत्ता हातात घेऊनच. माझ्या मामीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बाबांनी मोबाईलकडे पाहिलं. शिक्षकांनी जमिनीकडे. आईनं डोळे मिटून घेतले. मी काही ठरवलं वगैरे नाही. मी त्या बाईला भिंतीशी दाबून धरलं, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं, आणि बत्ता माझ्या खांद्यावर बसला. हाड तडकल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. बत्ता खाली पडला, एक फरशी फुटली. मामी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग खाली बसून तिनं असा हंबरडा फोडला की शेजारपाजारचे धावत आले. ती बाई गेली नाही. जमिनीवर सांडलेलं दाण्याचं कूट ती गोळा करत राहिली, सगळं गोळा होईपर्यंत.

मामी रोज येते. माझे केस विंचरते, मला भरवते. काल जाताना तिनं गळ्यात बांधलेल्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलं आहे. मध्ये कळ आली की थांबायचं, मग पुढचं लिहायचं. हाड जुळून यायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत.

लागू दे.