पाच विरुद्ध सव्वाचार

दारव्ह्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि माझा स्वभाव तिखट आहे. दोन्ही गोष्टी गावाला माहीत आहेत.

प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांना मी थोरली आणि धाकटी म्हणते. थोरलीचं राज्य जुनं. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायचं ते तिचंच नाव घेऊन. पण काही वर्षं ती त्याच त्या साच्यावर चिपा काढत होती आणि दरवर्षी वेगाचा आकडा थोडा वर ढकलत होती. धाकटीकडे स्वतःचा कारखाना नव्हता. तिनं दूरदेशीच्या एका कारखान्याकडून इतक्या बारीक कारागिरीची चिप बनवून घेतली, की तेवढंच काम ती कमी विजेत करी आणि कमी तापे. मी ते वाचलं, एक चिप मागवून तपासली आणि थोरलीचा माल ठेवणंच बंद केलं. लोक म्हणाले, दुसऱ्याच्या चुलीवर शिजवलेलं अन्न ही बाई आपल्याला वाढते आहे. गिऱ्हाईक रोडावलं. घरात दुकान बंद करायच्या गोष्टी निघायला लागल्या.

अशात कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटर लॅबचं कंत्राट निघालं. ते मिळालं तर दुकान टिकणार होतं, नाही तर कुलूप.

दुसरा दावेदार होता समोरच्या दुकानातला भाई. आधी तो पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायचा, मग कॉम्प्युटरकडे वळला. सोल्डरिंगची तापती कावी हातात कशी धरायची, हे मला त्यानंच शिकवलं होतं. त्यामुळे त्याच्याशी धड भांडताही येत नव्हतं. तो थोरलीचा भक्त. त्याच्या मशीनचा वेग पाच गिगाहर्ट्झ, माझ्या मशीनचा सव्वाचार.

"ताई," तो प्राचार्यांसमोर मला म्हणाला, "पाच सव्वाचाराहून मोठे राह्यते. हे तं पहिलीतलं पोट्टंबी सांगते."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग पट होऊन जाऊ द्या. आमच्याकडे शंकरपटात बैलांच्या जोड्या घड्याळावर पळवतात, तशी दोन्ही मशीनं लॅबच्या खोलीत ठेवायची, दोघांना एकच काम द्यायचं आणि वेळ मोजायची. प्राचार्य स्वतः पटाचे शौकीन. त्यांनी अट घातली, की घड्याळ माझ्या वडिलांच्या हाती हवं. भाईनं लगेच मान डोलावली.

बाबांनी आयुष्यभर पटात घड्याळ धरलं. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हाती घड्याळ देताना सुरुवातीला काहींनी तोंडं वाकडी केली होती. पण बाबांनी एक सेकंद कधी इकडचा तिकडे केला नाही, आणि पुढे बाबांचं घड्याळ म्हटलं की भांडण मिटायचं. माझ्या दुकानाची पायरी मात्र ते कधी चढले नव्हते. या डब्यांत पाहण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं.

मे महिना, दुपारचे दोन, वर टिनाचं छप्पर. काम होतं स्नेहसंमेलनाचा अख्खा व्हिडिओ तयार करायचं. बाबांनी घड्याळ दाबलं. पहिली पाच मिनिटं भाईचं मशीन पुढे होतं, मग त्याचा पंखा किंचाळायला लागला आणि वेग धपकन पडला. मी पुढे गेले. आनंदानं मला बसवेना.

तेव्हा मला दिसली ती खोळ. दिवाळीनंतर जिनिंगचा कापूस उडतो, म्हणून इथं प्रत्येक कॉम्प्युटरला कापडाची खोळ असते. भाईच्या बायकोनं, आमच्या भाभीनं, खास आजच्यासाठी कशिद्याची नवी शिवली होती, आणि मशीन सजवून आणण्याच्या नादात भाई ती काढायलाच विसरला होता. आत बिचारं मशीन घुसमटत होतं. मी दोन मिनिटं पाहून न पाहिल्यासारखं केलं. खोटं कशाला सांगू? लॅब मला हवी होती. पण हातात घड्याळ धरून बाबा समोर बसले होते.

"भाई, खोळ काढा," मी म्हटलं.

बाबांनी घड्याळ थांबवलं. "झूल घालून जोडी पयवत नसतेत," ते म्हणाले. "पुन्यांदा."

प्राचार्य म्हणाले, बाई, तुम्ही हातचं घालवलंत. मलाही तसंच वाटत होतं, कारण पाच हा आकडा काही खोटा नव्हता. मशीनं थंड होऊ दिली आणि दुसऱ्यांदा सुरू केली. भाईचं मशीन आता मोकळ्या अंगानं धावलं. अर्धं काम होईपर्यंत ते पुढेच होतं. मग खोलीतली ऊन हवा त्याला भिडली. पडद्यावर पाचाचे साडेचार झाले, साडेचाराचे चार, चाराचे साडेतीन. माझं सव्वाचार मात्र सव्वाचारावरच. ना पंख्याची ओरड, ना धाप. काम संपलं तेव्हा मी दीड मिनिट पुढे होते.

भाई उठला. माझ्या मशीनच्या मागून येणाऱ्या हवेवर त्यानं हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "ताई, हे तं थंडं हाय," एवढंच म्हणाला. मग पटातल्या जिंकलेल्या जोडीवर झूल पांघरतात तशी भाभीची कशिद्याची खोळ त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या मशीनवर घातली. मी हसत हसत त्याला म्हटलं, आता बंद तरी करू द्या, नाही तर माझंही तापेल.

लॅब मिळाली. पण त्या दुपारचं खरं बक्षीस वेगळंच होतं. पटात निकाल लागला की बाबा उभे राहून जोडीवाल्याचं नाव मैदानभर पुकारत. त्यात बाईमाणसाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि चार माणसांच्या त्या खोलीत, समोर अख्खं मैदान असल्यासारखे पुकारले:

"पयली जोडी, माह्या पोरीची."