घरातला संडास

लालबागच्या आमच्या चाळीत एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास होते. पाळीच्या दिवसांत ती गॅलरी मला फार लांब वाटायची. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं, त्यावर काळी पिशवी, पिशवीवर ओढणी, आणि असा सगळा सरंजाम घेऊन खाली कचरापेटीपर्यंत जायचं. वाटेत कॅरम खेळणारी पोरं, जिन्यात उभे राहून गप्पा मारणारे काका. "काय गं, कुठे?" असं कुणी सहज विचारलं तरी मी तशीच मागे फिरायचे. वाट मोकळी होईपर्यंत ती पिशवी पोटमाळ्यावर ट्रंकेमागे दडवलेली असायची. एकदा मी ती तिथेच विसरले, तेव्हा आई मला जे बोलली ते आठवलं की अजून कान गरम होतात.

लग्न होऊन मी गेले ती त्याच चाळीत, एक मजला वर. म्हणजे घर बदललं, संडास तसेच गॅलरीच्या टोकाला.

मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि आम्हाला सातव्या मजल्यावर घर मिळालं. पाहुण्यांना मी खिडकीतून दिसणारी खाडी दाखवायचे, पण माझा खरा अभिमान होता घरातला संडास. आतून कडी लागणारा, फक्त आमचा. पहिल्या दिवशी मी उगाच दहा मिनिटं आत बसून राहिले. आणि पाळी आली तेव्हा पॅड फाडलं, कापूस सुटा केला, भांड्यात टाकला आणि फ्लशचं बटण दाबलं. गेलं! ना पिशवी, ना ओढणी, ना जिना. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मुलीला पाळी आली तेव्हा ही युक्ती मी तिला दागिना द्यावा तशी दिली. म्हटलं, "आम्ही जे भोगलं ते तुला नको. फ्लश कर, कुणाला कळायचं नाही." ती तेरा वर्षांची होती. तिने मान डोलावली.

कळलं मात्र सगळ्या बिल्डिंगला. एका रविवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या संडासातून घाण पाणी उलटं वर आलं आणि पार पॅसेजपर्यंत पसरलं. हे आजोबा मूळचे मालवणचे, गिरणीत फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालायचे, चाळीत आमचे शेजारी. मला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. वॉकर घेऊन ते त्या पाण्यात उभे होते आणि कुणी धरल्याशिवाय त्यांना पाऊलही टाकता येत नव्हतं. सून रडत बादल्या उपसत होती.

प्लंबरने डक्टमधल्या पाइपचं झाकण उघडून रॉड घातला आणि एक राखाडी लगदा बाहेर ओढला. आम्ही सगळे भोवती उभे. "ये देखो," तो म्हणाला, "लेडीज का पॅड. पानी पी के फूलता है, गलता नहीं. इसी लाइन का कोई डालता है." सगळे पुरुष एकदम दुसरीकडे बघायला लागले.

या लाइनीवर, म्हणजे आमच्याही संडासाचा जो पाइप त्याच पाइपवर, नवव्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहायच्या. दोघी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. कधी ड्युटीवर जातात, कधी येतात, यावर आमच्या बिल्डिंगचं बारीक लक्ष. दुपारी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग भरली तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. "भाडेकरूंना काय पडलंय?" अध्यक्ष म्हणाले. "मालकाला कळवू. महिनाभरात खोली खाली करा म्हणावं."

"काका, आम्ही नाही टाकत," त्यांतली एक म्हणाली. "हॉस्पिटलात पहिल्या दिवसापासून हेच शिकवलंय. आम्ही कागदात गुंडाळून वेगळं देतो. कचरेवाल्या मावशींना विचारा."

कुणी विचारलं नाही. दुसरी तोवर मोबाइलवर खोल्या शोधायला लागली होती, आणि ते मला बघवेना. या भागात दोन एकट्या मुलींना खोली मिळणं काय असतं, ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी गप्प बसले असते तर माझं काही बिघडणार नव्हतं. नवरा शेजारी बसला होता, समोर सासऱ्यांचे मित्र आणि सुनेने धरून आणलेले आजोबा. तीस वर्षं जे ओढणीखाली नेलं ते या सगळ्यांसमोर काढायचं? स्वतःचा इतका राग आला की त्या रागानेच मी उभी राहिले.

"पॅड आमच्या घरातली आहेत," मी म्हणाले. "मी टाकते. मुलीलाही मीच शिकवलं. या पोरींचा काही संबंध नाही."

अध्यक्ष समोरचे कागद चाळायला लागले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझी खुर्ची जरा पुढे सरकवली, बस म्हणून. मी आजोबांकडे वळून हात जोडले. त्यांनी वॉकरवरून मान वर केली.

"गे चेडवा," ते म्हणाले, "एवढा लपवूचा कित्याक?"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच रडले.

नोटीस अर्थातच गेली नाही. संध्याकाळी मी दोघींची माफी मागायला वर गेले. एकीने मला चहा दिला; दुसरी जरा घुश्शातच होती आणि ते बरोबरच होतं. पण तिनेच मला चौकोनी कागदात घट्ट पुडी बांधून दाखवली. वर लाल स्केचपेनचा ठिपका, म्हणजे कचरेवाल्या मावशींना हात न घालता कळतं. मावशींना रोज काय काय हाताने वेगळं करावं लागतं, याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

पुढच्या रविवारी दाराची बेल वाजली. आजोबा, वॉकरशिवाय, काठीवर. हातात वाचून झालेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. फोल्डिंग खात्यातला माणूस तो. एकेक कागद सारख्या मापाचा कापून, कडेला कड लावून घडी घातलेला. "चेडवाक दी," आत माझ्या मुलीकडे बघत म्हणाले आणि लिफ्टकडे वळले.

मुलीने गठ्ठा घेतला, वरचा कागद उलगडून पाहिला आणि तशीच दारात जाऊन सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजोबा, छान आहेत! पण दुसऱ्या दिवशीचं पॅड मोठं असतं, त्याला थोडे मोठे कापा ना!"

तिचं तोंड दाबायला माझा हात आपोआप वर गेला होता. तो मी खाली घेतला.

"बरां गे!" लिफ्टमधून आजोबांचा आवाज आला.